दुर्बीण फोनला सापडेनाशी होते तेव्हा: वायफाय तुटण्याचं समस्या निवारण

आमच्या आकाशनिरीक्षणाच्या गटात कुणाची दुर्बीण फोनला सापडेनाशी झाली की हाक मला येते. कधी वांगणीला, कधी भंडारदऱ्याला, कधी कुणाच्या गच्चीवर. तक्रार एकच: "दादा, वायफाय परत गेलं." दर वेळी पेटी (दुर्बिणीवर बसवलेला, वायफायवरून फोनशी बोलणारा छोटा संगणक) वेगळी असते, माउंट (दुर्बीण धरून फिरवणारी यंत्रणा) वेगळं असतं, फोनही वेगळा असतो, तरी बिघाड त्याच चार-पाच जागी निघतो. आणि खुद्द वायफाय बिघडलेलं मला फार क्वचित सापडलं आहे. एक तर फोन स्वतःहून दुसरीकडे गेलेला असतो, नाहीतर पेटीला पुरेशी वीज मिळत नसते. हे आधी कळलं तर अमावास्येची एक चांगली रात्र वाचते, म्हणून सगळं एकत्र लिहून काढतो आहे.

लक्षणं

कोणत्याही सेटिंगला हात लावण्याआधी नेमकं काय झालं ते शब्दांत सांगून बघा. "कनेक्ट होत नाही" एवढ्याने काहीच कळत नाही, कारण त्यात किमान सात वेगवेगळी दुखणी मावतात.

- फोन पेटीच्या वायफायला जोडलेला दिसतो, पण ॲपला काहीच सापडत नाही. बिघाड बहुधा फोनमध्ये आहे.
- दुर्बिणीजवळ उभं राहिलं की सगळं ठीक, गाडीत जाऊन बसलं की तुटतं. लहरी पोचत नाहीत.
- आज्ञा पोचतात, माउंट फिरतं, पण फोटो पडद्यावर उतरायला मिनिट-मिनिट लागतं. हाही लहरींचाच प्रश्न.
- माउंट वेगात फिरू लागलं, कॅमेऱ्याचं कूलिंग चालू केलं किंवा ड्यू हीटर (भिंगावर दव जमू नये म्हणून गुंडाळायचा गरम पट्टा) लावला की त्याच क्षणी संपर्क जातो. वीज कमी पडते आहे.
- फोनच्या यादीतून नेटवर्कचं नावच गायब होतं आणि थोड्या वेळाने आपोआप परत येतं. पेटी बंद पडून पुन्हा सुरू झाली आहे. कारण बहुतेक वेळा वीज, कधीकधी मेमरी कार्ड.
- दुर्बीण एका ठराविक दिशेला वळली की तुटतं. मध्ये धातू येतो आहे, नाहीतर एखादी वायर ताणली जाते आहे.
- घरी चालतं, माळावर नाही.

आधी हे: पेटीची वीज काढू नका

संपर्क तुटला की पहिला हात प्लगकडे जातो. तो आवरा.

फोनवरून चालणारी व्यवस्था दोन प्रकारची असते. एएसआयएअर, स्टेलरमेट, ॲस्ट्रोबेरी यांसारख्या व्यवस्थेत दुर्बिणीवर बसवलेल्या पेटीतच छोटा संगणक असतो. एक्सपोजरची मालिका (एकामागून एक फोटो), गाइडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बिणीची दिशा सुधारत राहणं), फोकसर (फोकस जुळवणारी मोटर) हे सगळं तो चालवतो, आणि फोन फक्त बघायला व आज्ञा द्यायला लागतो. फोन तुटला, अगदी बंद पडला, तरी मालिका पेटीत चालू राहते. दुसऱ्या प्रकारात फोन थेट माउंटशी बोलतो, उदाहरणार्थ सिनस्कॅनचं ॲप. तिथे फोन म्हणजेच हँड कंट्रोलर, माउंट चालवायचा हातातला रिमोट. विषुववृत्तीय (पृथ्वीच्या अक्षाला समांतर आसावर फिरणाऱ्या) माउंटची मोटर दिलेल्या वेगाने फिरत राहते, पण पुढच्या ताऱ्याकडे वळवायला फोन लागतोच. अशा ॲपला पार्श्वभूमीत झोपवू नका आणि फोनचा बॅटरी सेव्हर बंद ठेवा.

गेल्या हिवाळ्यात गटातल्या एका कॉलेजच्या मुलाने संपर्क गेला म्हणून घाबरून पेटीचा प्लग उपटला. घरी येऊन पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला, तर शेवटचा दोन मिनिटांचा फोटो प्लग उपटण्याच्या जरा आधीचाच निघाला. म्हणजे पेटी इमानाने काम करत होती. प्लग उपटल्यामुळे माउंट आपण कुठे रोखलेलो आहोत ते विसरलं आणि अलाइनमेंट (ओळखीच्या ताऱ्यांवरून दिशा जुळवणं) पुन्हा करावी लागली. लिहिणं चालू असताना वीज गेली तर कार्डावरच्या फायली खराब होतात, तो धोका वेगळाच. डीएसएलआर असेल तर शांतपणे शटरचा आवाज ऐका. ठराविक अंतराने तो येत असेल तर मालिका चालू आहे. मग फोनच्या मागे लागायला वेळच वेळ आहे.

पहिली तपासणी: फोन (खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं)

पेटीच्या वायफायवर इंटरनेट नसतं. आजचे फोन असं नेटवर्क निरुपयोगी समजतात आणि न विचारता मोबाइल डेटाकडे किंवा ओळखीच्या दुसऱ्या वायफायकडे वळतात. वर वायफायचं चिन्ह दिसत राहतं, पण ॲपची हाक जाते मोबाइलच्या टॉवरकडे. घरी चालतं आणि माळावर नाही, याचं कारण मला सर्वांत जास्त वेळा इथे सापडलं आहे. घरी पेटी आणि फोन दोघेही घरच्या राउटरवर असतात, तिथे इंटरनेट असतं, म्हणून फोन हलत नाही.

उपाय सोपा आहे. फोन विमान मोडवर टाका आणि मग फक्त वायफाय चालू करा. फोनला पळायला दुसरी जागाच उरत नाही. अँड्रॉइडवर "या नेटवर्कवर इंटरनेट नाही, जोडलेलं राहायचं का" असा प्रश्न आला तर हो म्हणा आणि पुन्हा न विचारण्याच्या चौकोनात खूण करा. घाईत ही सूचना बोटाने सरकवून टाकली की दहा मिनिटांनी संपर्क गेलाच म्हणून समजा. वायफायच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटाकडे आपोआप वळण्याचा पर्याय असेल तर तोही बंद करा. आयफोनवर मोबाइल डेटाच्या पानाच्या तळाशी वायफाय असिस्ट असतं, ते बंद करा.

मग परवानग्या. आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, आयफोनवर प्रत्येक ॲपला स्थानिक नेटवर्क वापरायची वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा ॲप उघडताना चुकून नकार दिला असेल तर ॲप जन्मभर "सापडत नाही" म्हणत राहील, आणि वायफाय मात्र जोडलेलं दिसेल. सेटिंगमधल्या गोपनीयतेच्या पानावर स्थानिक नेटवर्कच्या यादीत ॲपसमोरचं बटण चालू आहे ना ते बघा. अँड्रॉइडवर आसपासचे वायफाय शोधायला लोकेशनची किंवा जवळपासच्या डिव्हाइसची परवानगी लागते. व्हीपीएन असेल तर बंद. जाहिराती अडवणारी काही ॲपंही आतून व्हीपीएनच वापरतात, ती विसरू नका.

आता एक तपासणी जी मी प्रत्येकाला करायला लावतो. वायफायच्या नावावर दाबून फोनला मिळालेला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता) वाचा. एएसआयएअरच्या स्वतःच्या नेटवर्कवर तो १०.०.० ने सुरू होतो, सिनस्कॅनच्या नेटवर्कवर १९२.१६८.४ ने. तसा असेल तर फोन आणि पेटी यांची गाठ पडली आहे, आणि प्रश्न ॲपचा किंवा परवानगीचा आहे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पेटीने पत्ता दिलेलाच नाही आणि फोनने स्वतःच काहीतरी घेतला आहे. अशा वेळी नेटवर्क विसरा, पुन्हा जोडा. एवढा एक आकडा वाचला की अर्धा तास वाचतो.

दुसरी: आपल्या पेटीवर दुसरं कुणी आहे का

गटाच्या कार्यक्रमात हे हमखास घडतं. पाच-सहा दुर्बिणी ओळीने, नेटवर्कची नावं जवळजवळ सारखी, आणि बहुतेक पेट्यांवर कारखान्यातून आलेला पासवर्डच तसाच: एक ते आठ आकडे ओळीने. मागच्या महिन्यात ज्याने मदत म्हणून तुमची पेटी जोडून दिली, त्याचा फोन आजही तिला ओळखतो आणि खिशातल्या खिशात जाऊन चिकटतो. काही पेट्या एका वेळी एकाच फोनला सूत्रं देतात. मग दोघांच्याही पडद्यावर संपर्क येतो-जातो, आणि दोघांनाही वाटतं आपली पेटी बिघडली.

नेटवर्कला स्वतःचं ओळखू येणारं नाव द्या आणि पासवर्ड बदला. नवीन पासवर्ड कागदावर लिहून दुर्बिणीच्या पेटाऱ्यात ठेवा, कारण पहाटे तीनला तो आठवत नाही.

तिसरी: आवृत्ती आणि कार्ड

फोनवरचं ॲप घरच्या वायफायवर आपोआप अद्ययावत होतं. पेटीतलं फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) जुनंच राहतं, आणि माळावर गेल्यावर ॲप पेटी अद्ययावत करायची अट घालतं. म्हणून बाहेर जाण्याच्या आदल्या दिवशी ॲप उघडून पेटीला एकदा जोडून बघा. निघायच्या दिवशी मात्र काहीही अद्ययावत करू नका.

कार्ड किंवा पेनड्राइव्ह भरलं तरी पेटी अडखळते. २६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक १६ बिटांची फाइल सुमारे ५२ मेगाबाइटची होते. एका रात्रीत २०० फोटो म्हणजे १० गिगाबाइटच्या वर. निघताना जागा मोजा.

चौथी: लहरी

२.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी लांब जातात, पण त्याच पट्ट्यात सगळ्यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्‌झवर वेग जास्त मिळतो, मात्र भिंत, झाड, गाडीचा पत्रा मध्ये आला की त्या लवकर थकतात. माउंटमधलं अंगभूत वायफाय सहसा फक्त २.४ वर चालतं. पेटीत दोन्ही पर्याय असतील तर शहरातल्या गच्चीवर ५ आणि मोकळ्या माळावर २.४, असं मी ठेवतो. गच्चीवर आजूबाजूच्या फ्लॅटमधले तीस राउटर ओरडत असतात, माळावर कुणीच नसतं.

इथे एक कारण आहे जे लोकांच्या लक्षातच येत नाही. यूएसबी ३ ची वायर आणि जोड २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास विद्युत गोंगाट फेकतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहिलं होतं. कॅमेऱ्याची यूएसबी ३ वायर पेटीच्या अँटेनाला चिकटून गुंडाळलेली असेल तर फोटो उतरवून घेण्याच्या क्षणी वायफाय मंदावतं आणि मग पुन्हा ठीक होतं. लक्षण अगदी ओळखू येणारं आहे: दर एक्सपोजरच्या शेवटी अडखळणं. वायर अँटेनापासून वीत-दीड वीत दूर बांधा, चांगल्या आवरणाची आखूड वायर वापरा, नाहीतर ५ वर जा.

पेटी कुठे बसवली आहे हेही बघा. डिसेंबरच्या मध्याला पुण्यातून मृगातला तेजोमेघ साधारण साडेबाराच्या सुमाराला याम्योत्तर वृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतो. तिथे माउंट फ्लिप होतं, म्हणजे दुर्बीण दुसऱ्या बाजूला जाते, आणि आतापर्यंत तुमच्याकडे तोंड करून असलेली पेटी धातूच्या नळीच्या मागे लपते. फ्लिपनंतर लगेच संपर्क गेला तर आधी उठून दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहा. तिथे फोन जोडला गेला तर बिघाड कसलाच नाही, तुमची खुर्ची चुकीच्या बाजूला आहे.

गाडीत बसूनच काम करायचं असेल तर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे यूएसबीवर चालणारा छोटा प्रवासी राउटर. तो ट्रायपॉडजवळ उंचावर ठेवा, आणि पेटी व फोन दोघांनाही त्याच्यावर जोडा. त्याचं गेस्ट नेटवर्क मात्र वापरू नका, कारण गेस्ट नेटवर्कवर एक उपकरण दुसऱ्याला सहसा दिसू दिलं जात नाही.

पाचवी: वीज

इथे मल्टिमीटर लागतो. आकाशछायाचित्रण करणाऱ्याच्या पेटाऱ्यात तो असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

१२ व्होल्टची बॅटरी, पाच मीटर लांब बारीक वायर, आणि शेवटी माउंट, पेटी, कूलिंगचा कॅमेरा व ड्यू हीटर. सगळं मिळून ४ अँपिअर सहज होतात. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध जाऊन-येऊन दहा मीटरला सुमारे पाव ओहम भरतो. ४ अँपिअर गुणिले पाव ओहम, म्हणजे १ व्होल्ट वायरीतच गेला. बॅटरी १२ दाखवत असेल तर पेटीला ११ पोचतात, आणि माउंट वेगात फिरू लागलं की त्याहून कमी. बऱ्याच माउंटांना किमान ११ लागतात. पेटी तेवढ्यावर गटांगळी खाते, पुन्हा सुरू होते, आणि तुम्हाला दिसतं एवढंच की वायफाय गेलं. तीच वायर दीड चौरस मिलिमीटरची घेतली की नुकसान निम्म्यावर येतं. लांबी निम्मी केली तर आणखी निम्मं.

मोजायचं ते बॅटरीपाशी नाही. पेटीच्या टोकाशी, आणि तेही माउंट पूर्ण वेगाने फिरत असताना मोजा. उभ्या माउंटवर १२.४ दिसणारा आकडा फिरताना १०.८ वर आलेला मी स्वतः पाहिला आहे. काही माउंटांवर वीज कमी पडली की लाल दिवा लुकलुकतो. तो लुकलुकला तर मल्टिमीटर काढायचीही गरज नाही.

यानंतर जोड. गाडीच्या लायटरच्या खोबणीतला प्लग या कामासाठी फार वाईट. आतली स्प्रिंग त्याला सतत बाहेर ढकलत असते आणि हळूहळू संपर्क सुटतो. गोल डीसी प्लगचं आणखी एक गुपित आहे: ५.५ मिलिमीटर व्यासाचे प्लग दोन जातींचे येतात, आतलं भोक २.१ चं किंवा २.५ चं. २.५ चा प्लग २.१ च्या खोबणीत बसतो, चालतोही, पण ढिला. वायर हलली की क्षणभर वीज जाते. दुकानातून आणलेल्या वायरीवर हे लिहिलेलं नसतं, म्हणून प्लग हाताने हलवून बघा. खुळखुळत असेल तर तो बदला.

पॉवरबँकवर चालणाऱ्या छोट्या साहित्याची अडचण उलटी असते. त्यांना वीज इतकी कमी लागते की पॉवरबँकला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती स्वतःला बंद करून घेते. दर वेळी साधारण सारख्याच वेळाने संपर्क जातो, यावरून हे ओळखता येतं. घरी रास्पबेरी पाय (एका पाटीवरचा छोटा संगणक) वापरून पेटी बनवली असेल तर लक्षात ठेवा की व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय स्वतःच्या नोंदीत तशी सूचना लिहून ठेवतो. नोंदी उघडून बघा, तर्क करत बसायला नको.

सहावी: वायरींची ओढ आणि दव

दुर्बीण हाताने, वीज बंद ठेवून, सगळ्या दिशांना हळूहळू फिरवा. कुठे वायर ताणली जाते, कुठे ती काउंटरवेटच्या (तोल साधणाऱ्या वजनाच्या) दांड्याला अडकते ते बघा. जानेवारीत भंडारदऱ्याला मध्यरात्रीनंतर दव इतकं पडतं की टेबलावर पाणी साचतं. जोड खालच्या बाजूला तोंड करून ठेवा आणि वायरीला जोडाच्या आधी एक झोळ द्या, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळेल, जोडात शिरणार नाही.

हे सगळं माळावर पहिल्यांदा करू नका. दिवसा घरी, दुर्बिणीवर झाकण लावून, सूर्याकडे कधीही न रोखता, पूर्ण मांडणी दोन तास चालू ठेवा. कूलिंग, हीटर, सगळं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

लिथियमची बॅटरी फुगलेली, गरम किंवा वास मारणारी असेल तर ती लगेच वेगळी करून मोकळ्या जागी ठेवा. उघडू नका, पुन्हा चार्ज करून बघू नका. ते काम जाणकाराचं आहे.

शेतघरातून किंवा गच्चीवरून २३० व्होल्टची एक्स्टेंशन ओढली असेल, आणि माउंटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर मुख्य स्विच बंद करा आणि त्या रात्री काम थांबवा. अर्थिंग नाही किंवा अडॅप्टर गळतो आहे. दवात भिजलेल्या गवतावर उभं राहून हे तपासण्याचा प्रयत्न करू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. माझ्या गटात या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

विजेची धन-ऋण टोकं उलटी जोडली गेली असतील, जळका वास आला असेल, किंवा पेटी नेटवर्कच दाखवत नसेल आणि वेगळ्या, मोजलेल्या विजेवरही तिचा दिवा लागत नसेल, तर सर्व्हिस सेंटर. फर्मवेअर भरताना मध्येच अडकलं असेल तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, तिथेही तेच. माउंट उघडून मदरबोर्डला हात लावायचा मोह होतो, पण आतल्या बारीक पट्टीच्या वायरी एकदा तुटल्या की वॉरंटी जाते आणि दुरुस्तीही अवघड होते.

सर्व्हिसकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: वरच्यापैकी कोणतं लक्षण, किती वाजता, तेव्हा माउंट फिरत होतं की उभं होतं, पेटीच्या टोकाशी मोजलेलं व्होल्टेज, फोनला मिळालेला आयपी पत्ता, आणि दुसरा फोन व दुसरी वायर लावून बघितल्यावर काय झालं.